ताप, दम आणि रक्ताचा रिपोर्ट

नमस्कार श्रोतेहो. खोकला-तापाचा विषाणू कुणाला चार दिवसांत सोडेल आणि कुणाला ऑक्सिजनवर नेईल, हे रक्तावरून आधीच कळावं, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं. काही अंशी ते कळतंही. पण एकाच आकड्यावर भिस्त ठेवणं बरं नव्हे.

सीआरपी हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा आकडा. हे यकृतात बनणारं प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पाहिलं, त्याचा निबंध 1930 साली आला. शरीरात दाह सुरू झाला की काही तासांत सीआरपी चढू लागतं, साधारण दोन दिवसांत वर पोचतं आणि दाह थांबला की 19 तासांत निम्म्यावर येतं. म्हणून आज 60 आणि परवा 25 असेल तर पेशंट सावरतोय. आज 25 आणि परवा 90, तर मात्र मी त्याला घरी ठेवणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. लावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्याला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, झाला तरी सीआरपी वाढतंच. दाह आहे एवढं ते सांगतं, कशाचा ते नाही. रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा, म्हणजे डी-डायमर, तोही तपासतात. त्याचंही तसंच, गरोदरपणात, उतारवयात, ऑपरेशननंतर ते एरवीही वाढलेलं असतं.

मला स्वतःला साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, फार मोलाची वाटते. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त, आणि तालुक्याच्या गावीच रिपोर्ट मिळतो. पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार बघा: लिम्फोसाइट हजाराच्या खाली घसरले आणि न्यूट्रोफिल चढत राहिले, तर आजार बळावण्याचा धोका जास्त. फक्त स्टिरॉइड सुरू असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्या गोळ्यांनीही हे आकडे असेच हलतात.

पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एक एन्झाइम म्हणजे एलडीएच. त्याबद्दल एक गोष्ट लॅबमधली. आडगावातून खडखडत आलेल्या नळीत तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसतं आणि एलडीएच खोटंच वाढतं. अशा वेळी पुन्हा रक्त मागितलं तर कुरकुर करू नका, पेशंटच्या भल्याचंच आहे ते.

ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत कोविडच्या रुग्णांना टोसिलिझुमॅब हे दाह आवरणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा सीआरपी लिटरला किमान 75 मिलिग्रॅम हवंच होतं, पण सोबत ऑक्सिजनही कमी पडत असायला हवा होता. घरीही तोच क्रम ठेवा. पावसात भिजलेली गार बोटं आधी पुसून, चोळून गरम करा, मग ऑक्सिमीटर लावा. सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून पुन्हा बघा. आकडा 94 च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर रिपोर्टसाठी थांबू नका, 108 ला फोन करा. खाडीपलीकडच्या गावांनी तर उजेड आहे तोवरच निघावं.