धुराचं बिल कुणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो. आग विझवताना छत कोसळून जवान गेला, तर भरपाई कुणी द्यायची यावर फारसा वाद होत नाही. तोच जवान पुढे कर्करोगाने अंथरुणाला खिळला, की कागदांची लढाई सुरू होते. वीस-पंचवीस वर्षांतल्या नेमक्या कुठल्या आगीच्या धुराने हा रोग दिला, हे तो बिचारा कसं सिद्ध करणार?

अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी यावर कायदाच केला. ठरावीक वर्षं नोकरी झालेली असली, की आजार कामामुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते महापालिकेने दाखवून द्यायचं. कॅलिफोर्नियात १९८२ पासून ही सोय आहे. तिथे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे तीन महिने, या हिशेबाने जबाबदारी निवृत्तीनंतरही चालू राहते. म्हणजे २८ वर्षं सेवा केलेल्या जवानासाठी शहर आणखी सात वर्षं बांधील! जास्तीत जास्त मर्यादा दहा वर्षांची. आता अर्थसंकल्प मांडणाऱ्याने हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा?

पेन्सिल्व्हेनियात तर मोठीच पंचाईत झाली. तिथल्या लहान गावांत बंबावर चढतात ते बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक. २०११ साली कर्करोगाचा कायदा आला आणि खासगी विमा कंपन्यांनी या दलांकडे पाठ फिरवली. गावांना राज्याच्या विमा निधीचं दार ठोठवावं लागलं, तेही चढ्या हप्त्याने.

पण म्हणून कायदा चुकला असं मला वाटत नाही. हा खर्च आधीही होताच, फक्त तो जवानाच्या बायकोच्या दागिन्यांतून निघत होता. सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया इथल्या सुमारे ३० हजार जवानांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसामान्यांपेक्षा त्यांच्यात कर्करोगाचे मृत्यू १४ टक्के जास्त निघाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक ठरवलं, तंबाखूच्या पंक्तीत नेऊन बसवलं.

रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिकची गोष्ट वेगळी. त्याला धुरापेक्षा भीती सुईतून येणाऱ्या काविळीची, आणि रोज पाहिलेल्या अपघातांनी उडालेल्या झोपेची. मनाच्या आजारावर मात्र हात आखडताच असतो.

फ्लोरिडाने २०१९ मध्ये मधली वाट काढली. २१ प्रकारच्या कर्करोगांपैकी एखादा झाला, तर उपचारांचा खर्च आणि एकरकमी २५ हजार डॉलर. मुख्य अट अशी, की पाच वर्षं सलग नोकरी हवी आणि तेवढीच वर्षं तंबाखूला शिवलेलं नसावं. निदान आकडा तरी आधी कळतो.

माझी तक्रार निराळीच आहे. कायदा करतं राज्याचं विधिमंडळ, टाळ्याही त्यालाच, आणि बिल येतं शहराच्या दारात. राज्याने निम्मा वाटा उचलावा. आणि शहरांनी प्रत्येक जवानाला गणवेशाचा दुसरा जोड द्यावा, म्हणजे काजळीने माखलेला पहिला धुवायला टाकता येईल.