सतरा-सी नावाचा कागद

श्रोतेहो, नमस्कार. मतदान सकाळी ७ ला सुरू होतं असं आपण म्हणतो, पण केंद्रातलं पहिलं बटण त्याच्या दीड तास आधी, पहाटे साडेपाचला दाबलं जातं. ते असतं अभिरूप मतदान, सगळ्यांच्या तोंडी ‘मॉक पोल’. तो उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर, म्हणजे पोलिंग एजंटांसमोर घ्यायचा असतो. आणि नेमके तेच कितीतरी केंद्रांवर आलेले नसतात. किमान दोन उमेदवारांचे एजंट हजर नसतील, तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात आणि मग त्यांच्यावाचून काम सुरू करतात. नंतर यंत्राबद्दल कितीही पत्रकार परिषदा घेतल्या, तरी त्या पंधरा मिनिटांत आपला माणूस कुठे होता, या प्रश्नाला उत्तर नसतं. आज बोलायचं आहे ते या एजंटाबद्दल आणि संध्याकाळी त्याच्या हाती पडणाऱ्या एका कागदाबद्दल. त्या कागदाचं नाव नमुना १७-सी.

मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकतात. प्रत्येक उमेदवाराला, शिवाय ‘नोटा’लाही मत पडलं पाहिजे. कोणाला किती टाकली ते एजंटाने आपल्या वहीत लिहून ठेवावं, लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नये. मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे यंत्राच्या अधिकाऱ्याजवळच्या भागावर, आधी क्लोज, नंतर रिझल्ट. निकाल वहीशी जुळवायचा, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या काढून मोजायच्या, त्याही जुळवायच्या. शेवटी क्लिअर. या तीन बटणांना प्रशिक्षणात ‘सीआरसी’ म्हणतात. क्लिअर झाल्यावर टोटलचं बटण दाबून शून्य दाखवायला एजंटाने आवर्जून सांगावं. घाईत हे सगळं करायचंच राहिलं, तर मॉक पोलची ५० मतं यंत्रातच राहतात आणि त्यांच्यावर खरी मतं पडत जातात. यात बहुतेकदा कट वगैरे काही नसतो. आदल्या दिवशी साहित्य घेऊन आलेला, रात्री वर्गातल्या बाकांवर झोपलेला कर्मचारी असतो, आणि सात वाजत आलेले असतात. चिठ्ठ्यांचंही तसंच. त्यांच्या मागे ‘मॉक पोल’ असा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील करायच्या असतात. पेटीतच राहिल्या, तर खऱ्या चिठ्ठ्यांत मिसळतात.

नंतर यंत्राला सील लागतं. हिरव्या कागदी सीलवर छापील क्रमांक असतो आणि एजंटाला त्यावर सही करता येते. कंट्रोल युनिट, मतदार ज्यावर बटण दाबतो ते बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट आणि सील या सगळ्यांचे क्रमांक त्याने तेव्हाच टिपून घ्यायचे. मोजणीच्या दिवशी ‘हेच ते यंत्र’ म्हणायला दुसरा आधार नसतो.

दिवसभरात जास्त त्रास देतं ते व्हीव्हीपॅट. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन खाली पेटीत पडते. या यंत्राला उजेड सोसत नाही. २८ मे २०१८ ला पालघर आणि भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत ते जागोजागी अडलं आणि भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. थेट उजेड पडल्याने आतल्या सेन्सरवर परिणाम झाला, असं तेव्हा आयोगाने सांगितलं. म्हणून मतदान कक्ष खिडकीसमोर किंवा दिव्याखाली मांडायचा नाही. नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर अख्खा संच बदलतो. अशा वेळी पुन्हा मॉक पोल होतो, पण तो छोटा, प्रत्येकाला एकेक मत आणि ‘नोटा’लाही एक. एजंट नेमका चहाला गेलेला असेल, तर हा दुसरा मॉक पोल त्याच्या माघारी उरकतो.

पहिला मतदान अधिकारी मतदाराचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचतो, तो एजंटांसाठीच. एजंटाने आपल्या यादीत खूण करायची आणि मतदाराच्या ओळखीबद्दल शंका आली तर आक्षेप घ्यायचा. आक्षेपाची अनामत अवघे २ रुपये आहे. कितीतरी वर्षांत त्या आकड्याला कोणी हात लावलेला नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर घरी परतू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर हेच पाकीट बोलतं.

संध्याकाळी ६ वाजले की रांगेतल्या प्रत्येकाला सही केलेली क्रमांकाची चिठ्ठी देतात. ती वाटायला सुरुवात रांगेच्या शेपटापासून होते. पहिली चिठ्ठी सगळ्यात मागच्याला, म्हणजे त्याच्यामागे नवा कोणी येऊन उभा राहू शकत नाही. साधी युक्ती आहे, पण चोख. शेवटचं मत पडलं की क्लोज, आणि मग १७-सी भरायचा.

हा कागद नीट वाचता आला पाहिजे. केंद्राच्या यादीत एकूण मतदार किती, नोंदवहीत म्हणजे १७-ए मध्ये किती जणांची नोंद झाली, सही करूनही मत न देता किती परतले, नियम मोडल्यामुळे किती जणांना मत देऊ दिलं नाही, आणि यंत्रात एकूण मतं किती. समजा, नोंदवहीत शेवटचा क्रमांक ८१२ आहे आणि दोघे सही करून मत न देता गेले. यंत्रात ८१० दिसलंच पाहिजे. ८११ दिसलं तर तिथल्या तिथे विचारा. प्रदत्त मतं या बेरजेत येत नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. बाकीचा कागद सीलच्या हिशेबाचा.

या कागदाची खरी प्रत सही करून एजंटाला देणं केंद्राध्यक्षावर नियमानेच बंधनकारक आहे, पण मतदान संपताना हजर असलेल्या एजंटाला. चार वाजता जेवायला म्हणून निघून गेलेल्याला ती मिळत नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी ५ ची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम ६६.०५ झाली आणि मोठं वादळ उठलं. तेव्हा पाचचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी फोनवर गोळा केलेला अंदाज असायचा, आणि पाचनंतरही रांगा चालू असतात. तरीही शंका घेणं गैर नाही, फक्त ती केंद्राकेंद्रावर तपासायची तर १७-सी च्या प्रती लागतात. राज्यात लाखभर केंद्रं. प्रत्येक ठिकाणी संध्याकाळपर्यंत बसणारा माणूस उभा करणं मोठ्या पक्षांनाही झेपत नाही, ही खरी अडचण. तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

मोजणीच्या टेबलावर पहिलं काम आकड्यांचं नसतंच. आधी यंत्राचा क्रमांक, मग सील, मग यंत्रातली एकूण मतं १७-सी शी ताडायची. जुळलं नाही तर ते यंत्र बाजूला ठेवतात. आघाडी त्यातल्या मतांपेक्षा मोठी असेल तर त्याला पुढे कोणी विचारत नाही. आघाडी लहान असेल तर त्याच यंत्राभोवती सगळी मोजणी अडते. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला. मॉक पोलची न पुसलेली मतं त्याहून दोन जास्त भरतात.