सोडायचा की टाकायचा?

[दृश्य : तोंडासमोर धरलेला तळहात]

तळहात असा तोंडासमोर धरा आणि म्हणा, क. आता ख. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागला ना? व्याकरणात ख, छ, थ यांना महाप्राण म्हणतात ते यामुळेच. बाहेर निघालेली हवा वाटेत कामाला लावायची, यालाच आपण बोलणं म्हणतो.

या हवेचं पाठ्यपुस्तकातलं नाव उच्छ्वास. उद् अधिक श्वास. संधीत द चा च झाला, श चा छ. म्हणूनच 'श्वासोच्छ्वास' लिहिताना भल्याभल्यांचा 'श्वासोश्वास' होतो.

[दृश्य : झोपलेल्या माणसाची वरखाली होणारी छाती]

निवांत असताना उच्छ्वासाला कष्ट पडत नाहीत. श्वासपटल सैल होतं, ताणलेली फुप्फुसं आपसूक आकसतात आणि साधारण अर्धा लिटर हवा बाहेर पडते. आत जाताना तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन होता, आता १६ च्या आसपास उरलाय.

पण निकाल लागला, हरवलेलं मूल सापडलं, तर कुणी 'उच्छ्वास' टाकत नाही. तिथे निःश्वास लागतो, आणि तोही सुटकेचा. बातम्यांनी ही जोडी वापरून वापरून पार गुळगुळीत केली आहे. मनात सल असेल तर उसासा. हा उच्छ्वासाचाच वंशज, प्राकृतात घासूनपुसून आलेला. उसासा टाकतात. सुस्कारा बहुधा सोडतात, आणि तो शेजारच्याला ऐकू जावा लागतो. योगासनाच्या चटईवर हीच क्रिया रेचक होते. फुंकर मात्र जखमेवर घालतात, दिव्यावर मारतात. क्रियापद बदललं की हेतू कळतो.

सुस्कारा दुःखाचाच असतो असंही नाही. तासाभरात अनेकदा आपण नकळत एक मोठा, जोडश्वास घेऊन सोडतो. मिटलेले वायुकोश त्याने पुन्हा उघडतात. मन मोकळं होवो न होवो, फुप्फुसं होतात.

संस्कृतात तर उच्छ्वास ग्रंथातही शिरला. सातव्या शतकातल्या बाणभट्टाचं 'हर्षचरित' आठ उच्छ्वासांत विभागलेलं आहे. प्रकरणाला उच्छ्वास म्हणणं मला 'प्रकरण' म्हणण्यापेक्षा कितीतरी आवडतं.

एक गंमत राहिली. मराठीत माणूस अखेरचा श्वास 'घेतो'. शेवटी जो बाहेर जातो, त्याची नोंद कुणीच करत नाही.

[दृश्य : पाटीवर खडूने लिहिलेला शब्द, निःश्वास]

'नि'पुढचे ते दोन ठिपके पाहा. विसर्ग. विसर्ग म्हणजेच सोडणं. घाईत ते गळतात आणि 'निश्वास' उरतो. पुन्हा तळहात समोर धरा. सावकाश म्हणा, निः... हाताला लागला? आता पुढचं.