आरव्ही, मोटेल आणि पाचवा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळा तोंडावर आला की इथे फिनिक्समधल्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा सुटायला आलेल्या असतात, ग्रँड कॅन्यन दाखवायचंच असतं. मग कुणीतरी म्हणतं, "आरव्ही घेऊन जाऊ या की, हॉटेलचे पैसे वाचतील!" मीसुद्धा हे म्हटलंय, आणि तसं करूनही पाहिलंय. आज त्याचा हिशेब तुमच्यापुढे मांडते.

भारतातून ऐकताय त्यांच्यासाठी सांगते. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा क्लास सी जातीची, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा आणि त्यात गादी. मागे पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, आणि जेमतेम वळता येईल एवढं न्हाणीघर नि संडास.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहा जण निघालो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. माझे सासरे साताऱ्याला एसटीच्या डेपोत हिशेब खात्यात होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खिशातली वही काही सुटली नाही. आज मी जे आकडे सांगणार आहे ते त्या वहीतले, फक्त गोल केलेले.

मार्ग आमचा नेहमीचाच. फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा, तिथून पेज हे गाव, मग युटा राज्यातली झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, आणि फ्लॅगस्टाफवरून परत. सात रात्री, जवळजवळ हजार मैल.

पहिला धक्का पेट्रोल पंपावर बसला. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे आणि आमचं फिनिक्स अकराशेच्या आसपास, म्हणजे निम्मा रस्ता चढच. टाकी भरायला लावली, तर पंप १२५ डॉलरला आपोआप थांबला. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "बिघडला काय रे?" बिघडला नव्हता. त्या पंपावर कार्डावर एका वेळी तेवढ्याचंच पेट्रोल मिळत होतं. पुन्हा कार्ड घासलं. बाबांनी मैल आणि गॅलन विचारून घेतले, मागच्या बाकावर बसून गणित केलं आणि जाहीर केलं, "लिटरला तीन पूर्णांक चार किलोमीटर. म्हणजे दहा लिटरला चौतीस. अरे, आमची लाल गाडी पन्नास माणसं घेऊन, खंबाटकी चढून, दहा लिटरला पंचेचाळीस द्यायची. या ड्रायव्हरला मेमो निघाला असता!" ड्रायव्हर त्यांचाच मुलगा होता, तो गप्प बसला.

तर वहीत असं आहे. गाडीचं भाडं दिवसाला १८० डॉलर, सात दिवसांचे १,२६०. शिवाय मैलाला ४० सेंट वेगळे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, त्याचे ४००. पेट्रोल ४४०. आता ज्यांना वाटतं की गाडीतच झोपायचं म्हणजे मुक्काम फुकट, त्यांनी हे ऐका. गाडी उभी करायलाही जागा लागते, आणि वीज-पाणी जोडलेली जागा फुकट मिळत नाही. ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी सगळ्याची जोडणी आहे. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये फक्त वीज. सगळीकडचे मिळून ४२०. विमा आणि कर १५०. झाले २,६७०. घरून नेलेला आणि वाटेत घेतलेला किराणा ३००. एकूण २,९७० डॉलर.

आता हॉटेल. खोली करासकट १७० ची धरली. सहा माणसांना दोन खोल्या, सात रात्रींचे २,३८०. घरची सात सीटची गाडी, तिला पेट्रोल १४०. नाश्ता हॉटेलात फुकट, पण दोन वेळचं जेवण सहा जणांचं रोज दीडशे, म्हणजे १,०५०. एकूण ३,५७०.

म्हणजे आरव्हीने सहाशे डॉलर वाचवले. झालं, म्हणाल तुम्ही, प्रश्न मिटला. थांबा.

हाच हिशेब चार माणसांचा करून बघा. अमेरिकेतल्या साध्या मोटेलच्या खोलीत दोन मोठे पलंग असतात, त्यावर चार माणसं झोपतात आणि पैसे एकाच खोलीचे पडतात. ११९० खोलीचे, १४० पेट्रोलचे, जेवणाचे ७००. झाले २,०३०. आरव्हीचं भाडं मात्र माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही. किराणा २०० वर आला, तरी तिचे २,८७० होतात. म्हणजे चौकोनी कुटुंबाला हॉटेल साडेआठशे डॉलरांनी स्वस्त! दोघांनाच जायचं असेल तर विचारूच नका.

सगळी मेख पाचव्या माणसात आहे. पाचवा माणूस आला की हॉटेलवाला दुसरी खोली घ्यायला लावतो. आरव्हीत तो माळ्यावर चढतो. आपल्याकडे हा पाचवा माणूस बहुधा आजी किंवा आजोबा असतात, आणि माळ्यावर चढतात नातवंडं, एवढाच फरक.

पण त्या सहाशेकडे आणखी जरा निरखून पाहा. त्यात जेवणाचे किती वाचले? १,०५० आणि ३०० मधला फरक, साडेसातशे. म्हणजे स्वयंपाक सोडून फक्त गाडी आणि मुक्काम धरला, तर दोन खोल्याच दीडशेने स्वस्त पडत होत्या. पैसे वाचवले ते माझ्या तीन लिटरच्या कुकरने. आणि आपल्यापैकी जे लोक मोटेलच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून गुपचूप इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, लावतात, मी नावं घेत नाही, तुम्ही ऐकताय, त्यांना आरव्हीने एक डॉलरही वाचणार नाही.

या स्वयंपाकाचीही एक गोष्ट आहे. ट्रेलर व्हिलेजमध्ये पहिल्याच संध्याकाळी मी पिठल्याची फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या, आणि डोक्यावरचा धुराचा अलार्म असा काही ठणाणा करायला लागला की शेजारच्या गाडीतले आजोबा झोपायच्या पायजम्यात धावत आले. नवरा टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालतोय, मुलं खिदळताहेत, आणि सासूबाई शांतपणे म्हणतात, "अगं, आता खाली उतरवू नकोस, कच्चं लागेल." दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेरच्या बाकावर, छोट्या शेगडीवर.

पहाटे पोहे मी, दुपारी खिचडी मी, रात्री भांडी मी. बाबा वहीत किराणा ३०० असं लिहीत होते, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आचाऱ्याची मजुरी कुठल्या रकान्यात धरलीत?" ते हसले. पण पान उलटून त्यांनी खरंच एक रकाना आखला. तो रिकामाच राहिला, ती गोष्ट वेगळी.

नवऱ्याच्या वाट्याला दुसरं काम होतं. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात, एक मैल्याची आणि एक नुसत्या सांडपाण्याची. दर दोन-तीन दिवसांनी त्या रिकाम्या करायच्या. हातमोजे घालून जाड नळी लावायची, आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम चुकला तर काय होतं ते रेडिओवर सांगत नाही.

गंमत बघा, या दोन्ही सोयींच्या दोन नावाजलेल्या साखळ्यांचा जन्म एकाच वर्षातला. १९६२ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला मोटेल सिक्स सुरू झालं. खोली सहा डॉलरला, म्हणून नावच सिक्स. त्याच वर्षी मोंटानात बिलिंग्जला, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या लोकांसाठी, नदीकाठी एक कॅम्पग्राउंड उघडलं. गरम पाण्याची अंघोळ, शेकोटीची जागा, बाकडं, आणि भाडं रात्रीला पावणेदोन डॉलर. तेच पुढे केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी झालं. सहा आणि पावणेदोन, तेव्हा फरक सरळ सरळ तिपटीहून जास्त होता. "कॅम्पिंग स्वस्त" ही समजूत त्या काळची आहे आणि ती अजून तशीच चालत आलीय. आज चांगल्या जागी वीज-पाण्याची जागा सत्तर-ऐंशी डॉलरला जाते आणि हायवेवरच्या साध्या मोटेलात शंभराच्या आतबाहेर खोली मिळते. त्या मोटेलचा मालक बऱ्याचदा पटेल असतो. आणि मोटेल सिक्स? २०२४ मध्ये आपल्या ओयोवाल्यांनी विकत घेण्याचा करार केला, ५२.५ कोटी डॉलरला.

मग आरव्हीत राहणारे हे लाखो अमेरिकन वेडे आहेत का? मुळीच नाहीत. ते आपल्यासारखे धावत नाहीत. स्वतःची आरव्ही खर्च करते ती मुख्यतः चालताना, स्वस्त जागी उभी असली की तिला फारसं काही लागत नाही. आपल्या फिनिक्सपासून पश्चिमेला दोन तासांवर क्वार्टझसाइट नावाचं वाळवंटातलं छोटं गाव आहे. तिथे भोवतालची जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिच्यावर मुक्कामाची ठरावीक ठिकाणं आहेत. तिथला पास बरीच वर्षं १८० डॉलरचा होता, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, पूर्ण हंगामाचा. सात महिने! रात्रीला एक डॉलरसुद्धा पडत नव्हता. थंडीत उत्तरेकडचे पेन्शनर हजारोंनी येतात, सौरपॅनेल पसरतात, खुर्च्या मांडतात आणि वसंतापर्यंत हलत नाहीत. त्यांच्याशी कुठल्या हॉटेलने स्पर्धा करायची? याखेरीज सरकारी मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं. वीज, पाणी, नळी मात्र काही नाही.

आपण काय करतो? सात दिवसांत चार ठिकाणं. रोज सकाळी नळ्या काढा, वायर गुंडाळा, ताटं-वाट्या कपाटात बंद करा, नाहीतर पहिल्या वळणावर खळ्ळकन् आवाज येतो. पेजला सासूबाईंना कोथिंबीर हवी होती. साधी कोथिंबीर आणायला अख्खं घर घेऊन जावं लागलं. झायनच्या पूर्वेच्या बाजूने शिरलो तर १९३० सालचा तो मैलभर लांबीचा बोगदा. आमची गाडी त्याच्या मापात बसत नव्हती, म्हणून तेव्हा समोरची वाहतूक अडवून मधोमध चालवावं लागलं. त्याचे १५ डॉलर. बाबांनी वहीत "टोल" म्हणून लिहिले.

विकत घेण्याबद्दल फार बोलत नाही. करोनात इथे सगळ्यांना एकदम हौस आली, २०२१ मध्ये कारखान्यांनी सहा लाख गाड्या बाहेर काढल्या, तो आजवरचा उच्चांक. दोन वर्षांत तो आकडा निम्म्यावर आला आणि लोकांच्या अंगणात गाड्या झाकून उभ्या राहिल्या. लाख डॉलरची नवी गाडी पहिल्या वर्षात किमतीचा साधारण पाचवा हिस्सा घालवते. वीस हजार डॉलर म्हणजे माझ्या हिशेबातल्या खोलीच्या ११७ रात्री.

एवढं सांगून एक गोष्ट कबूल करते. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, मे महिन्यातही रात्री पाणी गोठतं. पहाटे पाच वाजता मला जाग आली तर सासूबाई शाल गुंडाळून दाराच्या पायरीवर बसलेल्या. हातात चहा. समोर ब्राइसचे ते प्रसिद्ध लाल दगडांचे सुळके नव्हते, नुसती पाइनची झाडं होती आणि त्यांच्यामधून चाललेली दोन हरणं. मोटेलमध्ये असतो तर त्या यावेळी खोलीत अंधारात पडून राहिल्या असत्या, मुलं उठू नयेत म्हणून. मला बघून म्हणाल्या, "हळू ये. दार वाजतं."

आता पुढच्या मेमध्ये सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, येणार आहेत. परवा साताऱ्याहून बाबांचा फोन आला. मला वाटलं मावशींच्या व्हिसाचं काही असेल. ते म्हणाले, "ते असू दे. त्या गाडीत सात जणांना पट्टे आहेत का, तेवढं विचारून ठेव."