सेंट व्हिन्सेंट ते सेंट लुशिया: कुटुंबासह उघड्या सामुद्रधुनीतून

मित्रहो, कॅरिबियन बेटांच्या पश्चिम किनाऱ्यांवर समुद्र बहुतेक वेळा शांत असतो, आणि आपण पाहतो ती बहुतेक छायाचित्रे त्याच आडोशाला काढलेली असतात. मी आज बोलणार आहे ते दोन बेटांमधल्या उघड्या पाण्याविषयी. सेंट व्हिन्सेंट आणि सेंट लुशिया यांच्यामधली सामुद्रधुनी सुमारे 25 सागरी मैलांची आहे, म्हणजे मुंबई-पनवेल अंतराहून फारशी जास्त नाही. तरीही शिडाच्या होडीतून मुलाबाळांसह दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या कुटुंबाला ही चार-पाच तासांची वाट चांगलीच जड जाते.

हे वादळामुळे घडते असे नाही. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम टाळून हिवाळ्यात निघाले, आकाश स्वच्छ असले, तरी हा समुद्र उसळलेलाच असतो. पूर्व-ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून येथपर्यंत साडेचार हजार किलोमीटर मोकळे पाणी मिळते आणि त्या वाटेवर उठलेल्या लाटांना पहिला अडथळा होतो तो या बेटांच्या रांगेचा. डोंगराळ बेटांना वळसा घालणारा वारा दोन बेटांमधल्या फटीत एकवटतो, टोकांपाशी त्याचा वेग वाढतो, आणि अटलांटिकचे पाणीही त्याच फटीतून पश्चिमेकडे वाहते. भरती-ओहोटीच्या ओढीने हा प्रवाह काही काळ वाऱ्याच्या विरुद्ध झाला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत उत्तर अटलांटिकवरचा उच्च दाब बळावला म्हणजे वारा कित्येक दिवस 25 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली येत नाही. तेथील खलाशी त्याला ‘ख्रिसमसचा वारा’ म्हणतात.

आम्ही पतिपत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे अकरा मीटर लांबीच्या होडीतून जानेवारीत ही सामुद्रधुनी ओलांडली. माझे ठाम मत असे आहे, की या प्रवासाचा निकाल लाटांमध्ये नव्हे, तर त्याआधीच्या शांत पाण्यात लागतो. सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर ज्वालामुखी, 2021च्या एप्रिलमध्ये ज्याचा उद्रेक झाला तोच, 1,200 मीटरांहून उंच आहे, आणि त्याच्या आडोशाला वारा इतका पडतो की इंजिन लावून जावे लागते. अशा वेळी मोठे शीड आखडून लहान करणे अनाठायी वाटते. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 15 नॉटचा वारा 25 नॉट झाला, तर शिडावरचा भार जवळजवळ पावणेतीन पट होतो, आणि डेकवर उभे राहणेच कठीण झाल्यावर शीड आखडण्याचे काम कोणी करायचे? म्हणून आम्ही आडोशातच शीड दोनदा आखडले, झडपा घट्ट लावल्या, ड्रॉवर बांधून टाकले आणि थर्मासमध्ये तांदळाची मीठ घातलेली पेज भरून तो हाताशी ठेवला, कारण सामुद्रधुनीत शेगडी पेटवायची नाही हे ठरलेले होते. मळमळीवरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आदल्या रात्रीच दिलेले होते.

सेंट व्हिन्सेंटचे उत्तर टोक ओलांडले आणि काही मिनिटांतच होडी एका कुशीवर कलली. तेथून सेंट लुशिया उत्तरेला, किंचित पूर्वेकडे आहे; प्रवाह पश्चिमेला ओढत असल्यामुळे होडीचे तोंड आणखी पूर्वेला, म्हणजे जवळजवळ वाऱ्याच्या दिशेला, धरून ठेवावे लागते. प्रत्येक मोठ्या लाटेवर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर चढत होती, पलीकडे धाडकन आपटत होती आणि खारे पाणी थेट सुकाणू धरणाऱ्याच्या तोंडावर येत होते. मध्येच एक काळा ढग पावसाचा पडदा ओढत आला, वारा 30 नॉटच्या वर गेला, आणि पंधरा-वीस मिनिटे पुढचे काहीच दिसेना. मुलगा केबिनमध्ये, सर्वांत खालच्या आणि सर्वांत कमी हलणाऱ्या बाकावर, उशांच्या आधाराने पडून होता. मुलगी बाहेर, क्षितिजाकडे नजर लावून बसली होती. 2011पासून या भागात मोठ्या प्रमाणावर वाहत येणाऱ्या सारगॅसम शेवाळाचे पिवळसर पट्टे लांबूनच ओळखून ओरडून सांगणे हे तिचे काम होते, कारण ते सुकाणूला गुंडाळले गेले तर होडी ऐकेनाशी होते. काम मिळालेले मूल घाबरले तरी गोंधळत नाही, हे मी तेथे पाहिले.

मुलांना अशा पाण्यात नेणे योग्य आहे का, असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर एका नियमावर अवलंबून आहे: केबिनच्या पायऱ्यांवरून डोके बाहेर काढण्याआधी अंगावरच्या पट्ट्याचा हूक होडीला अडकलेला असला पाहिजे, आणि हा नियम आईवडिलांनाही लागू आहे. सहा नॉटने चालणारी होडी एका मिनिटात 185 मीटर पुढे जाते. दोन मीटरच्या लाटांमध्ये पाण्यातल्या माणसाचे डोके लाटेच्या माथ्यावर आले तरच दिसते, आणि होडीवर उरलेल्या एकट्या मोठ्या माणसाने शिडे सांभाळावीत, मागे वळावे की नजर न हलवता बोट दाखवत राहावे? जे कुटुंब हा नियम एका मिनिटासाठीही सैल सोडते, त्याने ही सामुद्रधुनी ओलांडू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

मागे फिरण्याची मर्यादाही आधीच ठरवावी लागते. पहिल्या तासात होडी वळवली तर वारा मागून येतो आणि आडोसा लवकर गाठता येतो. मध्यावर पोहोचल्यावर पुढचे आणि मागचे अंतर सारखेच होते. त्यामुळे पहिला तास संपताना आम्ही दोघांनी एकमेकांना मुलांसमोर विचारले, आणि कोणा एकाचे ‘नको’ पुरेसे मानायचे हे पक्के होते. दोघांनीही पुढे जाऊ म्हटले.

दुपारी सेंट लुशियाच्या किनाऱ्यावरची पिटनची दोन शिखरे जवळ आली. साडेसातशे मीटरांच्या आसपास उंच असलेल्या या सुळक्यांच्या पायथ्याशीही वाऱ्याचे झोत डोंगरावरून अचानक कोसळतात, आणि प्रवाळ जपण्यासाठी तेथे नांगर टाकायला मनाई असल्यामुळे तरंगत्या बोयाला दोर बांधावा लागतो. थकलेल्या हातांनी ते काम करताना बोया दोनदा निसटला. पुढे सेंट लुशियाहून उत्तरेच्या मार्टिनिक बेटावरच्या फोर-द-फ्रान्सकडे जाताना होडीचे तोंड किंचित पश्चिमेला असते आणि वारा बाजूने मिळतो. तेथे वाऱ्याचा जोर तितकाच असूनही मुलाने सारी वाट बाहेर बसून काढली आणि पेज स्वतः मागून घेतली.