गच्चीवरचा माठ

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा लागला की आमच्या नागपुरात कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरतात आणि ओट्याशेजारी नवा माठ येतो. गच्चीवर माती पसरून हिरवळ करणाऱ्यांनी आधी या दोघांकडे नीट बघावं.

माठातलं पाणी कशानं गार होतं? बाहेर झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेतं म्हणून. चिनी मातीच्या बरणीत पाणी ठेवा, ते तसं गार होणार नाही. गच्चीवरच्या बागेचंही तेच. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हजार वॉटची इस्त्री 40 मिनिटं चालवावी इतकी. एरवी यातली बरीच स्लॅबमध्ये मुरली असती.

म्हणून पाणी घालून भागत नाही, ते उडालं पाहिजे. पन्हाळीतून वाहून गेलेली बादली गारव्याच्या हिशेबात शून्य. आमची हवा कोरडी, ती पाणी भराभर पिते. मुंबईत कूलर लावला तर अंग चिकटतं, कारण तिथली हवा आधीच ओलीचिंब. तिथं बागेची सावली आणि मातीचा थर कामाला येतात, जास्तीच्या पाण्याचा उपयोग कमी.

झाडंही सारखी नसतात. कोरफड, पानफुटी दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात. तगतात छान, पण भर दुपारी पानांतून वाफ जवळजवळ सोडत नाहीत. गवत सोडतं, मात्र तहानलं की तेही छिद्रं मिटतं आणि तापतं.

आता हिशेब. चौरस मीटरला रोज 5 लिटर धरले, तर 100 चौरस मीटरच्या गच्चीला 500 लिटर, म्हणजे हजारी टाकी अर्धी रिकामी! नळाला एक दिवसाआड पाणी असेल तर हे कुणाच्या घरात खपेल? तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वर न्या. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार फार, ते रोज नको.

आणि भिजलेल्या मातीचा 10 सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जातो, तेव्हा माती चढवण्याआधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा.

पाणी पहाटे द्या, म्हणजे दुपारी उडायला ओल शिल्लक राहते. त्याआधी मातीत बोट खुपसा. दोन पेरांपर्यंत ओल लागली, तर त्या दिवशी झारी तशीच राहू द्या.