हा चिखल कुठला? १/३५ सेंच्युरियन बांधताना आणि रंगवताना

[टेबलावर जुनं मॉडेल. कॅमेरा चाकांच्या जवळ.]

नमस्कार मंडळी. हा माझा पहिला सेंच्युरियन रणगाडा, म्हणजे खऱ्यापेक्षा ३५ पट लहान, १/३५ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल. चाकांवरचा तांबूस चिखल दिसतोय? घरामागची माती गाळली, डिंकात कालवली आणि थापली. फार खूश होतो मी त्यावर. मग आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सुभेदार चहाला आले. मॉडेल उचललं, उलटं करून खालनं बघितलं, आणि एवढंच विचारलं, "हा कुठं रुतला होता, सासवडला?"

अहो, हा रणगाडा बसंतरच्या लढाईतला. १६ डिसेंबर १९७१, भारत-पाक युद्ध, पाकिस्तानातला शकरगडचा भाग. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्यातला, वय २१. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव 'फामागुस्ता'. रणगाडा पेटला, बाहेर पडायचा आदेश आला, पण तोफ अजून चालतेय म्हणून ते उतरले नाहीत. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. तिथली जमीन नदीच्या गाळाची. माती करडी, वाळली की फिकट पिवळसर. आणि मी रणगाड्याला सासवडचा मुरूम लावून बसलो होतो!

म्हणून यावेळी रंगापासून नाही, फोटोंपासून सुरुवात. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, जमलं तर जाऊन या. पण तिथं आकार बघा, बोल्ट बघा, वेल्डिंगच्या रेघा बघा. रंग तिथला उचलू नका. संग्रहालयातल्या रणगाड्यांवर जपणुकीसाठी नंतर रंग चढलेला असतो, तो लढाईतला रंग नव्हे.

[किटचा डबा उघडताना.]

१/३५ हे माप आलं कुठून माहितीये? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियानं मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा रणगाडा हवा होता, तो साधारण १/३५ भरला. झालं, पुढं सगळ्या जगानं तेच माप धरलं. खरा सेंच्युरियन जवळपास ३.४ मीटर रुंद, म्हणजे आपला दहा सेंटिमीटरला थोडा कमी. हे गणित डोक्यात असू द्या, चिखलाच्या वेळी लागणार आहे.

जोडणीवर फार बोलत नाही. किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती फ्रेम भांड्यांच्या साबणानं धुवा, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग निपरनं, म्हणजे छोट्या कापायच्या पकडीनं, थोडा लांबून कापा, उरलेलं टोक पॉलिश पेपरनं घासा. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक मॉडेल जोडायचं द्रावण, दोन भाग जुळवून धरल्यावर सांध्यावर टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं. ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. त्यामुळे जास्त लावलंत तर बोटाचा ठसा कायमचा.

एका जागी मात्र हेच सिमेंट मुद्दाम जास्त लावायचं. सेंच्युरियनचा टरेट, म्हणजे वरचा फिरणारा तोफेचा भाग, ओतीव, त्याचं पोलाद खडबडीत. खालचा सांगाडा सपाट पत्रे वेल्ड करून केलेला. किटमध्ये बऱ्याचदा दोन्ही सारखेच गुळगुळीत येतात. टरेटच्या बाजूंवर सिमेंट फिरवा आणि ताठ केसांच्या जुन्या ब्रशनं ठोकत राहा. छतावर नको, तिथं वेल्ड केलेले पत्रे आहेत. दहा मिनिटांचं काम आहे, पण खेळणं आणि रणगाडा यातला निम्मा फरक इथंच पडतो, असं माझं मत.

चाकं जोडायच्या आधी रंगवा. एका बाजूला सहा, तीही दुहेरी, म्हणजे एकूण चोवीस रबरी कडा. काळा शुद्ध घेऊ नका, करडा मिसळा.

आता प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात. भर जुलैत, दमट हवेत मी लॅकरचा स्प्रे मारला होता. सकाळी बघतो तर मॉडेलवर बुरशी आल्यासारखा पांढुरका थर. लॅकर झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते. मुंबई-कोकणातल्या मंडळींनो, पावसाळ्यात उघडीप बघा, नाहीतर जोडणीच करत बसा.

हिरवा रंग बाटलीतला जसाच्या तसा मारला की मॉडेल काळपट दिसतं. एवढ्याशा वस्तूवर गडद रंग आणखी गडद वाटतो. उजळ करायला पांढरा घालू नका, खडूसारखा होतो. थोडा बफ, म्हणजे फिकट पिवळसर मातकट रंग, घाला. एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन, असेल तर रंग दुधाएवढा पातळ. नसेल तर चपटा ब्रश, तीन-चार पातळ हात. एअरब्रशशिवाय होत नाही म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

मग चकचकीत वॉर्निश, त्यावर डिकल, म्हणजे नंबर-खुणांची पातळ चित्रं. मॅट रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी येते. ॲक्रिलिक रंग नीट वाळल्यावर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त कोपऱ्यांत आणि बोल्टभोवती सोडा. अंगभर फासू नका, मॉडेल मळकं दिसतं, मळलेलं नाही.

[जवळून: वाटीत भुकटी.]

आणि हा चिखल. माझ्या जुन्या मॉडेलवरचा हा अर्धा मिलिमीटरचा कण बघा. ३५ पटीनं मोठा केला तर पावणेदोन सेंटिमीटरचा खडा! असे शेकडो खडे रणगाड्याला चिकटून बसलेत. म्हणून बागेतली माती नको. करडा, बफ आणि चिमूटभर तपकिरी पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासा, मलमलच्या फडक्यातून गाळा. ओला चिखल गडद, पट्ट्यांच्या सांध्यांत आणि चाकांच्या आतल्या बाजूला. वाळलेला फिकट, कडेला. वरच्या भागावर नुसती धूळ, तीही जिथं माणसं चढतात तिथं पुसलेली.

शेवटी अँटेना. फ्रेमचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर, ज्योतीच्या जरा वर फिरवत धरा. लवायला लागला की बाजूला घ्या आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा. केसासारखी तार निघते. माझी पहिली चार तुटली. ही पाचवी.

[नवीन मॉडेल जुन्याशेजारी.]

सुभेदारसाहेब रविवारी येतायत. काय म्हणाले ते पिन केलेल्या कमेंटमध्ये टाकतो.